बदली झाली, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुधाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

शिकलेसवरलेले लोक गाव का बदलतात? पगार, बढती, मुलांच्या शाळा — सगळे हेच सांगतात, मीही सांगत आलो. माझं कारण वेगळं होतं. सांगतो. जरा वळणावळणाने येऊ द्या मला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होतो. सुधा, माझी बायको, तिथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. नुकतीच कायम झाली होती. खाणीतलं पाणी उपसणारे पंप बसवायला कंपनीने मला दहा दिवस चंद्रपूरजवळ घुग्घुसला पाठवलं. धूळ अशी, की दुपारपर्यंत रुमाल काळा. रविवारी खाणीतला फिटर रामटेके मला मोटारसायकलवर बसवून मूल तालुक्यातल्या आपल्या गावी घेऊन गेला. धान कापून झालं होतं आणि शेतातल्या रिकाम्या बांधीत नाटकाची तालीम चालू होती. पूर्व विदर्भाच्या त्या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे नाटक! तबलजी तापाने पडलेला. रामटेकेने माझ्याकडे बोट दाखवलं, "साहेबाले येते."

मीच त्याला बोलता बोलता सांगितलं होतं. नागपूरला वडील भीमगीतं गायचे, त्यांच्या मागे बसून मी तबला शिकलो. इंजिनिअरिंगला गेलो आणि सुटला तो सुटलाच. बसलो. पहिल्या दोन गाण्यांत बोटं अडखळली. मग — काय सांगू? — पळायलाच लागली. राजाचं काम करणारे गणपतभाऊ, डोक्याला दुपट्टा, पायाला माती, आपलं भाषण सोडून ओरडले, "अरे बाप! हात पाहा ना साहेबाचे! इतके दिवस कुठी होते जी तुम्ही?"

परतताना मी मोठमोठ्याने तबल्याचे बोल म्हणत होतो, आणि रामटेके हसून हसून गाडी खड्ड्यात घालत होता.

पुढे चारच महिन्यांत कंपनीने चंद्रपूरला दुरुस्तीचं केंद्र काढायचं ठरवलं. जायला कुणीच तयार होईना. अर्ज मी केला. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

आणि घरी येऊन सुधाला सांगितलं — बदली झाली.

"नाही म्हणता येणार नाही का?" तिने विचारलं.

"नोकरी जाईल," मी म्हणालो.

किती सहज बोललो! ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. तुमचा काय दोष?" पुढच्या आठवड्यात तिने राजीनामा दिला.

खरं सांगितलं असतं तर ती आली नसती का? आलीही असती कदाचित. पण विचारायची हिंमत नव्हती — नाही म्हणाली तर?

आणि नंतर तिथे होतो ती सहाही वर्षं मी आनंदात होतो. हे तरी कशाला लपवू? एरवी खाणी आणि पंप. हिवाळा आला की तबला. पार धानोऱ्यापर्यंत वाजवत फिरलो. गणपतभाऊंनी नाटकाच्या जाहिरातीत छापलं — 'तबल्यावर पुण्याचे इंजिनिअर साहेब'. सुधा पुढे बायकांमध्ये चटईवर बसायची, शेंगा फोडत, हसून हसून डोळे पुसत. तिला चंद्रपूरच्या एका शाळेत पाचवी-सहावीचे वर्ग मिळाले. पोरं मागे लागायची, "बाई, गोष्ट सांगा ना जी!" तीही 'मले-तुले' बोलायला लागली. शेजारणी विचारायच्या, "पुणं सोडून इथी काऊन आल्या बाई?" ती म्हणायची, "ह्यांची बदली झाली ना." मी बाजूलाच उभा असायचो.

ती तिथे रमली, हे खरं. पण यायचं की नाही, हे तिला कुणी विचारलं होतं? मी तर नाहीच.

परवा, इतक्या वर्षांनी, पेपर वाचता वाचता ती थांबली. पुण्यात तिने सोडलेल्या जागेवर तेव्हा लागलेली मुलगी त्याच कॉलेजातून प्राचार्या म्हणून निवृत्त झाली होती, फोटो होता. "बघा हो, किती छान दिसते!" सुधा म्हणाली. "बरं झालं. हुशार होती." मग चष्मा वर करून तिने तो फोटो पुन्हा एकदा, डोळ्यांजवळ धरून पाहिला.

मी पोह्यांची बशी पुढे ओढली आणि खात राहिलो.