एकवर केलेली खूण

रत्नागिरीच्या त्या रुग्णालयात गंगा मोहिते सिस्टरांचा राग सगळ्यांना ठाऊक होता. केळशीच्या बौद्धवाडीतून नर्सिंगला गेलेली ती पहिली मुलगी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या पुरुषांच्या वॉर्डच्या इन्चार्ज झाल्या, पण चुकीच्या गोष्टीला मान डोलावणं त्यांना कधी जमलं नाही.

मिरकरवाड्याचा भिकाजी नावाचा खलाशी पायाची जखम चिघळून दाखल झाला होता. वॉर्डात शिकायला आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी सानिका त्याचा जुना केसपेपर वाचत होती. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, पेनिसिलिन चालत नाही. आणि आज नेमकं तेच इंजेक्शन लिहून दिलेलं. तिने डॉक्टरांना सांगितलं, तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तू शिकायला आलीस की शिकवायला?"

सानिका रडवेली होऊन गंगा सिस्टरांकडे धावली. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, तयार ठेवलेली सिरिंज उचलली आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "वाचा," एवढंच म्हणाल्या. औषध बदललं गेलं. सानिकाशी मात्र कुणी चांगला शब्द बोललं नाही.

पंधरवड्याने नर्सिंग कॉलेजने विद्यार्थिनींना वॉर्डाबद्दलची प्रश्नावली वाटली. चाळीस प्रश्न, एक ते पाच गुण. वॉर्डात शिकायला मिळतं का, सगळे मिळून काम करतात का. 'रुग्णाच्या सुरक्षिततेबद्दल तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जातं का?' यापुढे सानिकाने पेनाने एकवर खूण केली.

दुसऱ्याच दिवशी वेदिका मॅडम, कॉलेजच्या ट्यूटर, कोरा फॉर्म घेऊन वॉर्डात आल्या. "सानिका, हा नव्याने भर. कॉलेजची तपासणी करायला समिती येतेय. सगळ्यांनी चार-पाच दिलेत, तुझाच एक कसा?"

औषधाच्या ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या गंगा सिस्टरांचं डोकं सणकलं. "काय गो सानिका, खोटं लिहिलंस काय तू?"

"नाही सिस्टर."

"मग नको बदलूस." त्या मॅडमकडे वळल्या. "त्या दिवशी ही गप्प बसली असती तर माणूस गेला असता. आता तुम्ही हिला गप्प बसायलाच शिकवताय. त्यालाही गुण आहेत का तुमच्या कागदावर?"

"आमच्यावरही दडपण असतं, सिस्टर," मॅडम पुटपुटल्या.

"मग ते समितीला सांगा. पोरीच्या डोक्यावर कशाला ठेवता?"

सानिकाने कोरा फॉर्म तसाच परत दिला.

वॉर्डच्या इन्चार्जलाही असाच एक फॉर्म भरायचा होता. गेल्या वर्षी तो आपण न वाचताच सगळीकडे पाच देऊन परत केला होता, हे आठवून गंगा सिस्टरांना स्वतःचाही संताप आला. या खेपेस त्यांनी चाळीसही प्रश्न वाचले. मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख, खाट क्रमांक आणि डॉक्टरांचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म स्वतः कॉलेजात नेऊन दिला.

आठवड्याभरात कॉलेजचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून विद्यार्थिनी त्यांच्या वॉर्डात येणार नव्हत्या. गंगा सिस्टरांनी ते टराटरा फाडलं.

समिती आली. तिने गंगा सिस्टरांचा तो फॉर्म वाचला आणि डॉक्टरांना बोलावून विचारलं. त्यांनी सानिकाची माफी मागितली, तीही बंद दाराआड.

"अपमान चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात?" हे कळल्यावर गंगा सिस्टर कडाडल्या. दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी हाच प्रश्न त्यांनी डॉक्टरांना भर वॉर्डात विचारला. डॉक्टर खाली मान घालून पुढच्या खाटेकडे गेले. विद्यार्थिनी त्या वॉर्डात परत यायला चार महिने लागले.