मुकुटबनच्या चर्चमधून निघालेली 'सोबत'

शुक्रवारी रजा टाकली आणि नागपूरहून वणीची एसटी पकडली. मैत्रिणीच्या मार्थामावशीनं बोलावलं होतं. त्यांच्या 'सोबत' संस्थेला मुकुटबनच्या सरकारी दवाखान्यात हक्काची खोली मिळणार होती. आजारी माणसाला दवाखान्यात एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच या संस्थेचं काम.

वरोऱ्यानंतर कोळशाचे ट्रक सुरू होतात, तेव्हा खिडकी मिळाली तरी काच लावूनच बसा. वणीहून मुकुटबनला बस थोड्या. मी काळीपिवळीत नऊ जणांत दहावी बसून गेले. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणीला बाया लागल्या होत्या.

मावशी निवृत्त नर्स. त्यांनी ज्वारीची भाकर आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी वाढली आणि सुरुवात कशी झाली ते सांगितलं.

काही वर्षांपूर्वी त्या स्वतःचं ब्लडप्रेशर तपासायला दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं डोंगराकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, भीमाबाई सकाळपासून बसलेली. तिला कोलामीखेरीज भाषा येत नव्हती. ती पोटाच्या वर हात ठेवायची, म्हणून दोनदा पोटाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. पोडांवर नोकरी केल्यानं मावशींना कोलामी येत होती. त्यांनी विचारलं, तेव्हा कळलं की चार पावलं चाललं की तिची छाती दाटते. डॉक्टरांनी तिला लगेच चंद्रपूरला पाठवलं. मावशी सोबत गेल्या. भीमाबाई वाचली.

त्या रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली आणि मावशी उभ्या राहिल्या.

"प्रार्थना तं झाली. आता उद्या दवाखान्यात कोण बसते, ते सांगा."

तिघींनी हात वर केले. पुढं तांड्यावरची कमलाबाई आली, बुद्धविहारातल्या बायाही आल्या. कमलाबाईनं आधीच विचारून घेतलं होतं, "मले येशूचं नाव घ्या लागन काय?"

"नाही बाई," मावशी म्हणाल्या, "फक्त बसा लागन."

शनिवारी दवाखान्यात फीत कापायची वेळ आली, तेव्हा मावशींनी कात्री भीमाबाईच्या हातात दिली. भीमाबाई आता मराठी बोलते आणि पोडावरच्या आजाऱ्यांना स्वतः घेऊन येते. फीत कापून ती म्हणाली, "त्या दिवशी बाईनं मले विचारलं, म्हणून मी हावो. आता मी विचारून राह्यली."

भाषणं सुरू झाली. तेवढ्यात दारात एक म्हातारी भिंत धरून उभी राहिली. भीमाबाई उठली, तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. बोलणारे साहेब थांबले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळा व्हरांडा वाजवू लागला. मावशी पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

नागपूरला परतून आता महिना झाला. आमच्या बिल्डिंगमधल्या देशपांडेकाकू दर सोमवारी डायलिसिसला एकट्या जायच्या, हे मला दोन वर्षं माहीत होतं. आल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांच्यासोबत गेले. चार तास लागतात आणि तिथल्या खुर्च्या फार कडक आहेत. या सोमवारी शेजारचीही एक जण आली, आम्ही तिघी होतो.