साडूभाऊंचा अमेरिकन डबा

जबलपुरातल्या एकाही मराठी घराचं वाय-फाय माझ्या साडूच्या हातगुणाशिवाय चालत नाही, आणि या गोष्टीचा पोटशूळ सबंध शहरात एकाच माणसाला आहे. तो मी. लपवायचं कशाला? माझ्या मेहुणीचा हा नवरा वीज खात्यातून निवृत्त झाला आणि जपमाळ ओढायच्या वयात राउटरच्या नादी लागला. राउटरला तो डबा म्हणतो. डबा रिसेट करायची पिन त्याच्या जानव्याला, कपाटाच्या किल्लीशेजारी बांधलेली असते. कुणाकडे गेला की चहा यायच्या आत सदऱ्यात हात घालून ती उपसतो. खंडेनवमीला लोक अवजारं पुजतात, हा डब्याला झेंडूची माळ घालतो. एका वर्षी ओल्या माळेचं पाणी आत गेलं. दुसऱ्याचा डबा असता तर मेलाच असता. याचा दोन दिवस तांदळाच्या पिंपात झोपला आणि उठून कामाला लागला. ते दोन दिवस मी किती आशेने काढले, ते माझं मलाच ठाऊक.

बरं, तो डबा दिला कुणी? माझ्या मुलीने! अमेरिकेहून पहिल्यांदा आली तेव्हा आपला जुना राउटर तिने काकांना दिला. सख्ख्या बापाला आणल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. आता त्या डब्याचं एक शिंग मोडलंय, काळ्या दोऱ्याने बांधलंय, तरी साडूचं कौतुक संपत नाही. "साडूभाऊ, दिसायला डबा तोच, पण देश बदलला की आतलं फर्मवेअर बदलते. अमेरिकेचा अकराव्या चॅनलवर थांबते, आपल्या इकडचा तेरापर्यंत जाते."

एवढंच मी ऐकलं. याचा अकरावर थांबतो आणि माझा तेरापर्यंत जातो! घरी येऊन, चष्मा पुसून, मी माझ्या जुन्या राउटरचा चॅनल तेरावर नेऊन ठेवला. काय सुसाट चालला म्हणता! आठवडाभर मी ताठ मानेने हिंडलो.

मग मुलगी पंधरा दिवसांसाठी घरी आली. तिच्या फोनला आणि लॅपटॉपला शेजारपाजारची सगळी नेटवर्कं दिसायची, आमचंच तेवढं दिसेना. आमच्या फोनवर तर झकास चाललेलं. "तुझ्याच फोनमध्ये खोट आहे," मी ठणकावलं. पण संध्याकाळी तिकडचं ऑफिस उघडायचं, काम तर करायलाच हवं. ती लॅपटॉप घेऊन चारलाच अधारतालला काकांकडे जायची ती जेवूनच परतायची. आम्ही इकडे ग्वारीघाटच्या रस्त्याला, म्हणजे शहराचं दुसरं टोक. वर्षातून एकदा येणारी लेक, आणि मी एकटा टीव्हीसमोर पोहे चिवडत बसलेलो.

"अहो, भाऊजींना बोलवा नं!" बायको रोज म्हणायची.

"काहून? मला काय हात नाहीत?"

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी साडूच आला. चहाआधी पिन उपसली, पण ती लागलीच नाही. माझ्या फोनवर त्याने सेटिंग उघडली, तेराचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "तिकडचे फोन तेराव्या चॅनलवर कान देत नाहीत," तो हळूच म्हणाला आणि चॅनल सहावर आणला. आतून मुलगी ओरडली, "दिसलं! काय झालं होतं, काका?"

"काही नाही गं, डबा म्हातारा झाला. बाबांनी सगळं बरोबरच केलं होतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटकापर्यंत सोडायला गेलो, तर स्कूटर काढता काढता तो थांबला. "साडूभाऊ, खरं सांगू? मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण पोरगी रोज घरी येऊन राहिली होती नं. आमच्याकडे कोण येते? तुमची मेहुणी रोज दोन भाज्या करून राहिली होती." त्यांना मूलबाळ नाही. "तुमचा लई हेवा वाटते, भाऊ," म्हणाला आणि किक मारून निघून गेला.

माझा! इतकी वर्षं मी जळत होतो ते एका मोडक्या शिंगाच्या डब्यावर.

मुलगी निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी सगळे पडले असताना, मी चॅनल गुपचूप तेरावर नेला. चार वाजता आतून हाक आली, "बाबा, परत गेलं!"

"काय करणार, डबा म्हातारा झाला," मी म्हणालो. "जा काकांकडे. आणि जेवूनच ये."