मामांनी उभी आणलेली काच

जगातली प्रत्येक वस्तू फुटण्यासाठीच जन्माला येते, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत होती. नांदेडच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते मोटारींच्या काचा, दिवे, आरसे बांधून गावोगाव धाडत. हेडलाइट असा दोन्ही हातांवर घेत, की बघणाऱ्याला आपण बारशाला आलोय असं वाटावं. काच कुणाला आडवी ठेवू देत नसत. "जावईबापू, काच निजली की मेली! तिला उभीच न्यायची," हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता सांगितलं. लाकडी चौकटीत काचेभोवती ते ज्वारीचा कडबा ठासून भरत, आणि त्यातली एक काडी जरी हमालाने ओढली तरी अर्धा तास त्याचा उद्धार चाले.

लातूर नवा जिल्हा झाला त्याच सुमारास दुष्काळ पडला. माझ्या लातूरच्या गॅरेजात पाण्याचा टँकर पुढची काच फुटून उभा होता. धुळीने ड्रायव्हरचे डोळे सुजलेले, तो काचेशिवाय गाडीवर बसेना, आणि तिकडे तीन गावं घागरी मांडून बसलेली. मी मामांना निरोप धाडला. तर ते स्वतःच ट्रकच्या हौद्यात काचेशेजारी बसून निघाले.

दुपारी ट्रक आला आणि मी धावतच हौद्याकडे गेलो. चौकटीत कडब्याची एक काडीही नव्हती. मामा कमरेला पोतं गुंडाळून उभे होते, आणि काच त्यांच्या धोतरात, पटक्यात नि सदऱ्यात गुरफटलेली. लोह्याजवळ ट्रक पंक्चर झाला होता. जॅकचा हिसका बसू नये म्हणून मामांनी चौकट खाली उतरवून घेतली, आणि चारा छावणीकडे निघालेल्या बैलांनी कडब्यात तोंड घातलं.

"हाकलले का नाहीत?" मी ओरडलोच.

"लई उपाशी होते, जावईबापू. तोंडातला घास काढू व्हय?" मामा खाली मान घालून म्हणाले. "तिथून मी हातानं धरून आणली. बघा तं आधी."

मी धोतराचा शेवटचा वेढा सोडला. काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. मी तिथंच मटकन खाली बसलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो. दिवस मावळायच्या आत टँकर भरून गेला.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता काचा थर्माकोलात बसून येतात आणि दरवेळी शाबूत निघतात. पण त्या दुपारी वाटलं तसं हायसं मला पुन्हा कधी वाटलं नाही.