गोवर्धनचा फोन

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

मी पलटणीत क्लार्क होतो. कोण रजेवर, कोण दवाखान्यात, कोण आज ड्युटीवर नाही — रोज सकाळी साहेबांना हे सांगायचं, हे माझं काम. डोंगरातलं ठाणं. धुकं खिडकीतून टेबलापर्यंत यायचं. नसलेली माणसं त्या धुक्यातच कुठेतरी उभी आहेत, हाक मारली की येतील, असं वाटत राहायचं.

गोवर्धन दिग्रसजवळच्या तांड्यातला, मी दिग्रसचा. बायकोच्या बाळंतपणाला तो रजेवर गेला होता. रजा संपता संपता यवतमाळच्या दवाखान्यातून त्याचा फोन आला.

"भाऊ, पोरगी काचेच्या पेटीत हाये. साहेबाले सांगजा, रजा वाढवून पाह्यजे."

"सांगतो. तू पोरीकडे पाह्य."

आणि मी विसरलो. नुसता विसरलो असतो तर? पण तो परतला नाही, तेव्हा साहेबांनी विचारलं, काही फोन आला होता का? साहेब चिडलेले होते. माझी बढती तोंडावर होती. "नाही साहेब," मी म्हणालो — इतकं हळू, की तो आवाज मलाच परका वाटला.

पुढचं सगळं नियमानं झालं. पोलिसांनी त्याला दवाखान्याच्या व्हरांड्यातून उचललं. पलटणीत आणून कोठडीत टाकलं.

साहेबांसमोरच्या पेशीच्या आधी मी त्याला गाठलं. हो, मुद्दाम आधीच.

"भाऊ, साहेबाले सांगतलं नव्हतं काय?"

"सांगतलं होतं. भांडलो बी. साहेबानं ऐकलं नाही. आता फोनचं नाव काढू नको, शिक्षा वाढन."

त्यानं नाव काढलं नाही. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास होता — हे मला आधीच ठाऊक नव्हतं का? तो कोठडीत असतानाच पोरगी गेली. तिचं नाव ठेवायचंही राहिलं होतं. मला बढती मिळाली.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. तो त्या साहेबांना अजून शिव्या देतो. साहेब भला माणूस होता. सांगितलं असतं तर रजा वाढवली असती.

परवा तांड्यावर त्याच्या मुलाचं लग्न झालं. मांडवात सगळं संथ, स्वप्नातल्यासारखं चाललं होतं. गोवर्धननं नव्या सुनेला माझ्यासमोर आणलं.

"यायच्या पाया पड, बाई. यायनं माह्यासाठी साहेबासंग भांडण केलतं."

ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला.