वरच्या मजल्याचे पैसे

नवीन जालन्यात स्टेशनच्या मागं आमचं घर आहे. त्याचा वरचा मजला दादानं मोसंबीच्या पैशातून बांधला. दादा राहतो परतूरजवळच्या आष्टीला, शेती सोडून तो इकडं येणार कधी? मजला नुसता बंद पडून होता. शेवटी मोबाइलवर खोल्या बुक करून देणाऱ्या एका कंपनीकडं आम्ही तो लावला. पाहुणे कंपनीकडं पैसे भरायचे, कंपनी आपलं कमिशन कापून बाकीचे माझ्या खात्यात टाकायची, आणि त्यातले निम्मे मी दादाला पाठवायची.

उन्हाळ्यात पैसे यायचे अचानक थांबले. पाहुणे मात्र येत होते. चादरी धुवायला जात होत्या, पाण्याचे टँकर मागवावे लागत होते. कंपनीला लिहिलं की "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढंच उत्तर यायचं. मी बियाण्याच्या एका ऑफिसात हिशेब बघते. लोकांची अडकलेली बिलं सोडवणं हेच माझं काम. त्यामुळे माझेच पैसे अडकलेत, हे सांगायला जीभ रेटेना. ऑफिसात कुणी म्हणालं, "मॅडम, तुमचं हॉटेल जोरात दिसतंय," की मी हसून वेळ मारून न्यायची.

दादाला तरी सांगायला हवं होतं. पण आज-उद्या येतील, मग एकदमच पाठवू, असं करत राहिले. पुढं पुढं त्याचा फोन आला की मोबाइल उलटा ठेवायला लागले.

अशातच परभणीकडचं एक वयस्कर जोडपं राहायला आलं. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी इथल्या दवाखान्यात होती. दोघं दमून जिना चढत होते आणि मी मधेच अडवून विचारलं, "तुम्ही पैसे नक्की भरलेत ना? मला अजून आले नाहीत."

ते गृहस्थ गोंधळले. डब्याची पिशवी पायरीवर ठेवून त्यांनी मोबाइल काढला आणि पावती माझ्यापुढं धरली. "बराबर भरलेत ताई. हे बघा."

मी काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोनं कमरेची पिशवी सोडली. "तुमची अडचण असंल तर हे घ्या. कंपनीचं मंग बघता येईल."

मी नको नको म्हणत खाली आले. त्या दिवशी त्यांना चहासुद्धा नेऊन दिला नाही. समोर जायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून बँकेत गेले. कारण अगदी साधं निघालं. आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, शाखेचा कोड बदलला होता. कंपनीनं पाठवलेले पैसे दर वेळी परत जात होते. नवा कोड भरा, असा निरोप कंपनीनं सुरुवातीलाच पाठवला होता. जाहिरात समजून मी तो पुसून टाकला होता. नवा कोड भरल्यावर पैसे हळूहळू आले. एका बुकिंगचे अजून आलेले नाहीत.

आलेल्या पैशातला दादाचा वाटा लगेच पाठवला. पुढच्या आठवड्यात तो खताच्या कामासाठी जालन्याला आला. चहा समोर ठेवून मी त्याला सगळं सांगितलं. बँक, कोड, पुसलेला निरोप.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, आमाला वाटलं तुला काही नड आली असंल, तू वापरले असतील. म्हणून तुझी वहिनी म्हणली, पैशाचं इचारू नका तिला."

"मग फोन कशाला करत होतास?"

"तू बरी हायस का, ते बघायला."

जे मी केलंच नव्हतं, ते या दोघांनी कधीच पोटात घातलं होतं. रागवावं, तर कशावरून? मी घाईघाईनं मोबाइल उघडला, परत गेलेल्या रकमा त्याला दाखवायला लागले. "हे बघ ना दादा. बघ तरी."

"राहू दे गं," तो म्हणाला. "मी काय हिशेब मागायला आल्तो का?"

त्यानं बघितलं नाही. परतूरची गाडी गाठायची म्हणून उरलेला चहा उभ्यानंच प्यायला आणि निघाला. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. पैसे मिळाले म्हणाली. मग हळूच विचारलं, "आता सगळं ठीक हाय ना ताई? आमाला घाई न्हाई बरं का."

ठीक आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?