वळसंगच्या विहिरीवरची बादली

"पॉझिटिव्ह आहे, मॅडम," लॅबवाला म्हणाला. त्याचा फोन ठेवला आणि लगेच सिद्रामला लावला.

सिद्रामचं सोलापुरात ॲक्वेरियमचं दुकान. मी जनावरांची डॉक्टर. कुत्री-मांजरं बघते, अधूनमधून सिद्रामचे मासे. मध्यंतरी त्याच्याकडचे शिंगवाले परदेशी बेडूक पटापट मेले, त्यांच्या शेजारचे पांढरे परदेशी तेवढे तगले, म्हणून मेलेल्यांच्या कातडीवरून कापूस फिरवून नमुना पाठवला होता. याला स्वॅब म्हणतात. बेडूक कातडीनंच पाणी पितो, थोडाफार श्वासही घेतो. कायट्रिड नावाची बुरशी नेमकी तिथं बसते. माणसाला काही करत नाही, पण जगात कित्येक ठिकाणच्या बेडकांची तिनं वाट लावली. आणि ती फिरते अशाच शोभेच्या प्राण्यांच्या पार्सलांतून.

"सिद्राम, उरलेले पांढरे बेडूक कुठं आहेत?"

"वळसंगला आनलेत मॅडम, शेतात. शिंगवाले मेल्यापास्नं ह्यांना कोन न्हेईना. मारू कसा? जीव हाय की त्यो. हिरीत सोडतो."

"खबरदार! एकही सोडू नकोस. आजारी आहेत ते."

"आजारी? लई ठणठणीत हायेत की!"

"तीच तर पंचाईत आहे. स्वतः मरत नाहीत, दुसऱ्याला देतात. थांब, मी येतेय."

क्लिनिकमध्ये एक लॅब्रॅडॉर लसीसाठी ताटकळत होता. त्याच्या मालकिणीला हात जोडले आणि गाडी काढली. रस्ताभर जिवाला चैन नाही. पुन्हा फोन लावावा, तर रेंज नाही. या माणसाला शाबासकी द्यावी की दोन ठेवून द्याव्यात, तेच कळेना. दयाळू माणसावर रागावणं फार अवघड असतं हो.

सिद्राम विहिरीच्या पायरीवर बादली घेऊन बसला होता. बेडूक सगळे बादलीतच. मी हुश्श केलं.

"तुमी म्हणलात आन् थांबलो बगा. तवर निम्मं पाणी तेवढं बदलून झालं हुतं."

नवीन मासा टाकीत सोडताना हे लोक आधी त्याच्या पिशवीतलं थोडं पाणी काढतात आणि टाकीतलं थोडं घालतात. जिवाला एकदम धक्का बसू नये म्हणून. सिद्रामनं सवयीनं तेच केलं होतं.

"काढलेलं पाणी कुठं ओतलंस?"

"हिरीतच की."

मी वाकून विहिरीत पाहिलं. या बुरशीचं बी पाण्यात पोहतं. तेच पाणी बांधावर ओतलं असतं, तर आपल्या उन्हानं वाळवून खलास केलं असतं. विहिरीत खाली गारवा. आणि त्या गारव्यात गावचे बेडूक खुशाल डराँव डराँव करत होते.

बादलीतल्या बेडकांना क्लिनिकमध्ये भूल देऊन कायमचं निजवलं. सिद्राम बाहेर बाकावर बसून रडला. विहिरीतल्या बेडकांचे स्वॅब दोनदा पाठवले, दोन्ही वेळा निगेटिव्ह. लॅबवाला म्हणतो, आता विषय सोडा मॅडम. मला सोडवत नाही, ही बुरशी उशिरानंही डोकं वर काढते.

रोज संध्याकाळी सिद्रामचा विहिरीवरून फोन येतो. "वरडत्यात, मॅडम." मी बरं म्हणते आणि उद्याच्या फोनची वाट बघते. तुमच्यापैकी कुणाला मुक्या जिवाला मोकळं सोडायचं पुण्य करायचं असेल, तर जरूर करा. आधी बादली तेवढी डॉक्टरला दाखवा.